बाळ कोणत्या हातावर

पडद्यावर कप्तान ग्रीव्हने बाळाला उजव्या हातावर घेतलं आणि मी खुर्चीच्या कडेला सरकले. जेवणाची सुट्टी होती. प्रोजेक्शनच्या छोट्या खोलीत आम्ही नऊ जण आणि सिगारचा धूर. आदल्या दिवशीचं काम दुपारी असं बघायची स्टुडिओची रीत. कुणी सँडविच चावत बघतं, कुणी डोळे मिटून. पडद्यावर बंदराचा धक्का, मागे जहाजाची शिडं. कप्तानाची बायको बाळाला पुढे करते, बाळ टाहो फोडतं. कप्तानाचा उजवा हात आधीच्या लढाईत कायमचा निकामी झालेला आहे. तो हात काळ्या हातमोज्यात घालून आम्ही सात आठवडे त्याच्या कमरेशी नुसता लोंबता ठेवलाय. आणि इथे तो त्याच हातावर बाळाला घेऊन थोपटायला लागतो. पांढऱ्या लेसवर काळी बोटं, थप, थप, थप. पुढच्या रांगेत निर्माते मिस्टर पीबल्स यांनी रुमाल काढला. कुणीतरी हलकेच म्हणालं, "हाच शॉट म्हणजे अख्खं पिक्चर." सगळे कप्तानाच्या चेहऱ्याकडे बघत होते, आणि चेहरा होताच तसा. मी मांडीवरच्या वहीकडे बघितलं. अंधारात काही दिसत नव्हतं, पण बघायची गरजही नव्हती. तिथे माझ्या अक्षरात लिहिलेलं होतं: टेक सात. बाळ डाव्या हातावर. उजवा हात खाली, नेहमीसारखा.

म्हणजे मी न बघता लिहिलं होतं. अकरा वर्षांत पहिल्यांदा. लक्षात ठेवणं हे माझं काम. त्यासाठीच मला ठेवलेलं. कुणाची वरची गुंडी उघडी होती, मेणबत्ती किती जळली होती, दारातून बाहेर पडताना कोणता पाय आधी टाकला. पिक्चर उलटसुलट, तुकड्यातुकड्यानं घेतात. मरण सोमवारी, लग्न बुधवारी. आणि शेवटी ते सगळं जोडल्यावर एका माणसाचं एकच आयुष्य वाटलं पाहिजे. ते मध्ये कुठे फाटू नये म्हणून गळ्यात स्टॉपवॉच अडकवून कॅमेऱ्याच्या पायाशी उंच स्टुलावर मी बसते. या धंद्यात माझ्याकडे दुसरं काही नाही. "वेस्टकॉट बघते" एवढंच आहे. उद्या "वेस्टकॉट बघत नाही" असं झालं की फोन वाजायचे थांबतील, आणि कुणी सांगणारही नाही की का थांबले.

टेक सातच्या दुपारी काय झालं ते मला चांगलं आठवत होतं, नको इतकं. फ्रेस्नोहून जुळी आणली होती. दोन भाऊ, पाच महिन्यांचे, एकसारखे. तान्ह्या बाळाला दिव्याखाली एका वेळी वीस मिनिटांपेक्षा जास्त ठेवायचं नाही असा इथला कायदा. म्हणून जुळी आणायची आणि आळीपाळीनं वापरायची, आणि सरकारनं नेमलेली मिस टटल नावाची बाई हातात घड्याळ धरून मध्ये उभी. सकाळी लांबचा शॉट झाला. बाळ डाव्या हातावर, मी डोळ्यांनी बघितलेलं. दुपारी जवळचा शॉट. सहा टेक बाळ गप्प झोपलेलं. सातव्याला ते रडलं. ते रडणं ऐकताच माझ्या छातीत कळ उठली, झिणझिण्या येतात तशी, आणि दूध आलं. मला कुणी विचारलं नव्हतं. तिकडे आठ मैलांवर माझी तान्ही पेग शेजारच्या मिसेस ओर्टेगांच्या स्वयंपाकघरात बाटली चोखत असेल, आणि इथे दुसऱ्याच कुणाच्या पोराच्या रडण्यावर माझं शरीर धावत सुटलं. ऐन जूनमध्ये मी करडा स्वेटर घालून बसते तो याचसाठी. आत घड्या घातलेले रुमाल असतात. मी वही छातीशी दाबली, मान खाली घातली. किती वेळ? दहा सेकंद असतील. स्टॉपवॉच चालूच होतं, पेन्सिलही चालूच होती. सवयीनं लिहिलं, डावा. आणि नेमक्या त्या दहा सेकंदांत, कप्तानाचं काम करणारा क्लेटन राइस, तीन पोरांचा बाप, रडणारं बाळ हातात आल्याबरोबर कप्तान असायचा विसरला आणि त्याला आपल्या भरवशाच्या हातावर घेऊन मोकळा झाला. मी आई झाले, तो बाप झाला. पिक्चरकडे कुणाचंच लक्ष नव्हतं.

दिवे लागल्यावर मी सगळ्यांत शेवटी उठले. बाहेरच्या बोळात बर्निस उभी होती. ती फिल्म कापते आणि जोडते. साठीला टेकलेली, गळ्यात चष्मा, बोटांना कायम फिल्म जोडायच्या डिंकाचा वास. डायरेक्टरसुद्धा तिच्याशी बोलताना जरा वाकतात.

"पोरी," ती म्हणाली, "तुझ्या कागदावर डावा आहे."

"हो."

"मी कागदावरनं कापते. डोळ्यांवर माझा विश्वास राहिला नाही आता. तीस वर्षांत फार पाहिलंय त्यांनी."

ती सिगरेट शोधत राहिली. ती तिच्या कानावर होती, पण ते सांगायचं माझ्या तोंडातून निघेना.

"त्या चिरुटवाल्यांना हात दिसला नाही," ती म्हणाली. "थिएटरात दिसेल. पोरं असलंच शोधत असतात. कप्तानाचा मेलेला हात पोराला थोपटतोय; ऐन रडायच्या जागी हसतील मेली. आणि ते बंदर गुरुवारी जाळणार आहेत, माहीत आहे ना? शत्रूचं बंदर म्हणून. जळलं की परत शॉट घेता यायचा नाही."

"माहीत आहे. मीच लिहिलंय तक्त्यावर."

"मग झालं. मी काही बघितलेलं नाही." सिगरेट तिला सापडली. "दूध सांडलंय तुझं. स्वेटर पुढून ओढून घे."

त्या दिवशी बसमध्ये मला खिडकीबाहेरचं काही दिसलं नाही. मी एकच गोष्ट पुन्हा पुन्हा चालवून बघत होते, आणि गंमत अशी की ती कप्तान ग्रीव्हची नव्हती. डेल गेला तेव्हा त्यानं पेगला कोणत्या हातावर घेतलं होतं? डेल म्हणजे माझा नवरा. नौदलात आहे. हीरो वगैरे नाही. जहाजावर स्वयंपाकी आहे, तीनशे माणसांसाठी बटाटे उकडतो. जानेवारीत लाँग बीचच्या धक्क्यावरून तो गेला तेव्हा पेग तीन आठवड्यांची होती. धुकं होतं. त्याच्या अंगावर तो जाड निळा कोट होता. बँडवाल्यांपैकी एकाला खोकला झाला होता आणि तो बाजूला जाऊन खोकत होता. माझ्या डाव्या बुटाची नाडी सुटली होती आणि बाळ हातात असल्यामुळे मला ती बांधता येत नव्हती. हे सगळं मला आठवतं. आणि मधलाच तुकडा नाही. डेलनं पेगला घेतलं, एवढं आहे. मी ते सगळ्यांना सांगितलेलं आहे. मिसेस ओर्टेगांना, सासूबाईंना ओहायोला पत्रात. शिटी होईपर्यंत खाली ठेवेना, असंसुद्धा. पण कोणत्या हातावर? पेगचं डोकं कोणत्या बाजूला? मी डोळे मिटून बघितलं तर धक्का आमचा स्टुडिओचा दिसायला लागला, डांबराऐवजी तपकिरी रंग मारलेला, आणि डेलच्या कोटाच्या बाहीतून काळा हातमोजा बाहेर आला. मी डोळे उघडले. शेजारची बाई माझ्याकडे बघत होती. माझे ओठ हलत असावेत.

मिसेस ओर्टेगा आमच्या शेजारी राहतात. पाच पोरं वाढवली, आता पेगला धरून बसतात. दारातच म्हणाल्या, "आज तुझ्या राणीनं बाटली फेकून दिली. दोनदा. जिच्यावर गेलीय तिला जाऊन विचार म्हटलं."

"माझ्यावर नाही गेली. मी कुठे काय फेकते."

"म्हणून तर तोंड असं झालंय तुझं. फेक काहीतरी. बशी देऊ?"

मी पेगला घेतलं. घेतल्यावर बघितलं, डाव्या. मी नेहमी डाव्याच हातावर घेते, उजवा लिहायला मोकळा राहावा म्हणून. तिला उजवीकडे घेऊन पाहिलं. तिनं मान मागे करून माझ्याकडे बघितलं, कुणीतरी ओळखीच्या घरात सामान हलवलंय असं. खुर्चीत बसून तिला पाजायला घेतलं तेव्हा संध्याकाळचं ऊन ओट्यावरच्या तिखटाच्या बरणीवर आलं होतं. मिसेस ओर्टेगा तव्यावर रोट्या टाकत होत्या, बोटांनीच उलटत होत्या. पेग घटाघट पीत होती आणि एका मुठीनं माझा स्वेटर धरून होती, सोडत नव्हती. त्या मुठीकडे बघताना मला उगीचच वाटलं, हिला सगळं आठवत असेल. तीन आठवड्यांची होती, पण कुणाच्या हातावर आपण होतो ते शरीराला माहीत असणार. फक्त सांगायला अजून वर्ष लागेल, आणि तोपर्यंत विसरेल.

"तुमचे मिस्टर कामाला गेले होते ना एकदा, दोन वर्षं?" मी विचारलं. "जाताना पोरांना घेतलं होतं त्यांनी?"

"मोठ्याला घेतलं. बाकीची झोपलेली." त्यांनी रोटी उलटली. "का गं?"

"कोणत्या हातावर?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि बराच वेळ विचार केला, मी थट्टा करत नाही हे त्यांना कळलं होतं. "डाव्या," त्या म्हणाल्या. "उजव्यात पत्र्याची ट्रंक होती."

त्यांना ट्रंकेवरून आठवलं. माझ्याकडे नाडी होती, बँडवाल्याचा खोकला होता, धुकं होतं, पण त्यांच्यावरून काही येत नव्हतं. आणि मग मला दुसरंच भय वाटलं. टेक सातला मी न बघता लिहिलं, तसंच डेलचंही मी न बघता लिहून ठेवलं असेल तर? तिथेही पेन्सिल सवयीनं चालली असेल तर? पत्रात डेल पेगबद्दल फार लिहीत नाही. बाळ ठीक ना, एवढं. बटाट्यांबद्दल दोन पानं, आणि बाळ ठीक ना. ही ओळ मी प्रत्येक वेळी पटकन वाचून पुढे जाते, बसमध्ये शेजारी बसलेल्या दारुड्याकडे बघत नाहीत तशी. पेग पिऊन झोपली. मी तिला घरी आणून पाळण्यात ठेवलं आणि तेव्हाच ठरवलं, सकाळी सांगायचं. कोटाचं, धुक्याचं मला सोडवता येत नव्हतं; टेक सातचं तरी मला माहीत होतं.

डायरेक्टर मिस्टर हॅलोरन धक्क्याच्या पायऱ्यांवर बसून डब्यातले पीच खात होते. मागे टाकीतल्या पाण्यात निळा रंग कालवणं चाललं होतं. मी उभी राहिले. त्यांनी वर बघितलं नाही.

"वेस्टकॉट, उभी राहिलीस की वाईट बातमी असते."

"परवाचा सातवा टेक चुकीचा आहे. बाळ उजव्या हातावर आहे. काळ्या मोज्याच्या."

चमचा थांबला. "तुझ्या कागदावर?"

"डावा लिहिलाय. मी बघत नव्हते."

"काय बघत होतीस मग?"

"स्वतःकडे."

ते माझ्याकडे बघत राहिले. त्यांना ते कळलं नाही आणि मी कळू दिलं नाही. एकदा स्वेटरकडे नजर गेली, परत पीचवर आली. "हा हरामखोर टेक आख्ख्या पिक्चरमध्ये सगळ्यांत चांगला आहे," ते म्हणाले. "पीबल्स रडला. पीबल्सला रडवणं म्हणजे काय असतं माहीत आहे तुला? त्याच्या आईच्या मयताला तो शवपेटीच्या किमतीवरून भांडत होता."

"माहीत आहे. म्हणून तर सांगतेय."

"न सांगता बसली असतीस तर बर्निसनं दोन महिन्यांनी धरलं असतं आणि मी तुला हाकललं असतं."

"हो."

"आता सांगितलंस, तर आत्ता हाकलायला पाहिजे." त्यांनी उरलेला पाक पिऊन टाकला. "जुळी बोलव."

जुळी फ्रेस्नोला परत गेली होती. एकाला ताप होता आणि त्यांची आई एकट्या दुसऱ्याला आणायला तयार नव्हती. मी फोन ठेवला तेव्हा हॅलोरन दारात उभे होते. "तुझं किती महिन्यांचं आहे?" मला वाटत होतं त्यांना माहीतच नाही. "पाच," मी म्हटलं. "मुलगी आहे." ते म्हणाले, "लेस घातल्यावर कोण बघतंय."

तर गुरुवारी सकाळी, शत्रूचं म्हणून जाळण्याच्या जरा आधी, पेग कप्तान ग्रीव्हचा मुलगा झाली. मिसेस ओर्टेगांनी तिला पाठवताना कपाळावर क्रूस काढला, आणि मला म्हणाल्या, "मोठी झाली की सांगू नकोस, डोक्यात जाईल." मिस टटलनी तिचे डोळे बघितले, नखं बघितली, घड्याळ सुरू केलं. ज्या धक्क्यावर अकरा महिने सुतारांनी ठोकाठोक केली त्याला आता आगवाले जिकडेतिकडे नळ्या लावत होते. सगळीकडे रॉकेलचा वास. क्लेटन राइस आला. मोज्याचा हात कमरेशी, डावा पुढे. "माफ करा हं, बाई," तो मला म्हणाला, हळू, मेकअपमधून. "सवयीनं झालं. धाकटीला तसंच घेतो मी."

"मला कळलं," मी म्हटलं. "आज डाव्या."

"डाव्या. पण रडली तर काय करायचं असतं, डाव्या हातानं?"

"नुसतं धरून ठेवायचं."

मी स्टुलावर बसले. पहिल्या टेकला पेग हसली. कामाचा नाही, निरोपाला हसतं का कुणी. दुसऱ्यात ती कप्तानाच्या कॉलरवरची सोनेरी जर चोखायला लागली. मिस टटल म्हणाल्या, "अकरा मिनिटं झाली." तिसऱ्याची तयारी चालू असताना कमांडर बेल्नॅप ओरडले. नौदलातून निवृत्त झालेले, चालीरीती चुकू नयेत म्हणून स्टुडिओनं ठेवलेले म्हातारे गृहस्थ. मागे खलाशांच्या गर्दीत उभा असलेला एक एक्स्ट्रा, थंडी वाजत होती की काय, दोन्ही हात खिशात घालून उभा होता. "काढ ते हात," कमांडर म्हणाले. "शिडांच्या काळात नाही आणि आज नाही. नौदलात खिशात हात घालत नाहीत, तुला माहीत नाही? शिक्षा होते त्याला." त्या पोरानं घाईघाईनं हात बाहेर काढले, आणि ते बाहेर येताना मी बघितले, आणि लाँग बीचचा तो मधला तुकडा आला. गाजावाजा न करता आला. बस थांब्यावर येते तसा.

डेलचे हात कोटाच्या खिशात होते. दोन्ही. "घे ना तिला," मी म्हटलं होतं. पेग माझ्या उजव्या खांद्याशी होती, डाव्या बुटाची नाडी सुटलेली म्हणून मी उजव्या पायावर भार देऊन उभी. "घे ना, डेल." तो तिच्याकडे बघत होता आणि खिशातून हात काढत नव्हता. मागून त्यांचा कुणी वरचा माणूस ओरडला होता, "वेस्टकॉट, हात," अगदी असंच, आणि तरी त्यानं काढले नाहीत. खोकणाऱ्या बँडवाल्यापलीकडे शिटी झाली. तो वाकला आणि तिच्या टोपीला नाक लावलं, हात खिशातच, आणि गेला. त्यानं तिला घेतलंच नाही. घरी येईपर्यंत मी ते बदलून टाकलं असणार. बसमध्येच असेल, नाडी बांधता बांधता. घ्यायला पाहिजे होतं म्हणून घेतलं असं लिहून टाकलं, आणि मग तेच वाचत राहिले, सगळ्यांना वाचून दाखवत राहिले.

"रोल," हॅलोरन म्हणाले. माझा अंगठा स्टॉपवॉचवर आपोआप दाबला गेला. कप्तानाच्या बायकोनं पेगला पुढे केलं. कप्तानानं डाव्या हातावर घेतलं. आणि पेगनं त्याच्या खांद्यावरून मला बघितलं, दिव्यांच्या मागे, स्टुलावर, आणि टाहो फोडला. कळ आली. दूध आलं, रुमाल भिजले, स्वेटर भिजला, पोटापर्यंत ओघळ गेला. मी मान खाली घातली नाही. आपलं लेकरू आपल्याकडे बघून रडत असताना नुसतं बघत बसायचं, हे काम किती जड आहे ते मला कुणी सांगितलं नव्हतं. उजवा हात खाली. काळी बोटं हलत नाहीत. क्लेटन तिला नुसता धरून उभा होता. थोपटावंसं वाटत असूनही न थोपटता, आणि ते न थोपटणं त्याच्या जबड्यात दिसत होतं. काळा मोजा कमरेशी थरथरत होता, इतकं बारीक की माझ्याशिवाय कुणाला दिसलं नसेल. आणि तो थरथरताना बघून मला लाँग बीचचं आणखी एक दिसलं, जे मी तेव्हा बघितलं होतं आणि कुठेच लिहिलं नव्हतं. डेलच्या खिशांचं कापड हलत होतं. आत त्याची बोटं उघडत होती, मिटत होती, उघडत होती.

"कट." "वीस," मिस टटल म्हणाल्या. हॅलोरन माझ्याकडे न बघता म्हणाले, "बरोबर?"

"बरोबर."

"उद्या सातला, मोठ्या जहाजावर. उशीर करू नकोस." आणि ते आगवाल्यांकडे गेले. बर्निस एका खांबाला टेकून उभी होती. ती सेटवर कधी येत नाही. "आता दोन झाले," ती म्हणाली. "एक चुकीचा, एक बरोबर. कोणता लावायचा ते आमचं दुखणं. तू पोर घे तुझं."

पण आधी मी लिहिलं. टेक तीन. बाळ डाव्या हातावर. उजवा हात खाली. आणि त्याच्याखाली, जिथे काही लिहायचं नसतं तिथे: डेल. हात दोन्ही खिशात. बाळ माझ्या उजव्या खांद्याशी. खिशाचं कापड हलत होतं. वहीतल्या आमच्या तक्त्याखाली कार्बन असतो. एक प्रत बर्निसकडे जाते, एक माझ्याकडे राहते. मी खालची पट्टी दोन्ही पानांची फाडली. वरची खिशात ठेवली. निळी, कार्बनची, घडी करून पाकिटात घातली. वर डेलच्या जहाजाचं नाव आणि पोस्टाचा नंबर लिहिला, बाकी पत्र नाही. आमच्या तक्त्याच्या शेवटी शेऱ्याचा एक रकाना असतो, तो मी त्या पट्टीवर आधीच पेन्सिलीनं आखला आणि डेलसाठी मोकळा ठेवला. मग वही स्टुलावर टाकून दिली आणि क्लेटन राइसकडे गेले, दोन्ही हात पुढे करून. तिला घेऊन निघाले तेव्हा मागे पहिली ठिणगी पडली होती. पेग रडायची थांबली होती आणि माझ्या खांद्यावरून आगीकडे बघत होती, डोळे मोठे करून, सगळं लक्षात ठेवत असल्यासारखी.